परमुलखाचा दाखला

दिवाळी अंकात दरवर्षी एक लेख असतोच. अमेरिकेत नाहीतर जर्मनीत राहणाऱ्या कुणा भल्या माणसाचा. तिकडं कढीपत्ता मिळत नाही. बर्फ उपसून कंबर जाते. शेजारी हाय म्हणतो आणि दार लावून घेतो. व्हिसाची मुदत संपत आली की झोप लागत नाही. हे लेख मी वाचतो, आणि टिंगल करायला वाचत नाही. झोप न लागणं मला कळतं. पण वाचून झालं की एक प्रश्न मनात राहतो. या भल्या माणसाला 'आपण इथले नाही' हे पहिल्यांदा कधी कळलं? विमानातून उतरल्यावर? वयाच्या तिसाव्या वर्षी? मग नशीबवान आहे लेकाचा. मला ते आटपाडीत कळलं. सातव्या वर्षी, हापशाच्या रांगेत, हातात कळशी असताना.

मीही परमुलखात राहतो. माझ्याकडं पासपोर्ट नाही. कोईमतूरला गलाईच्या दुकानात १९९८ पासून आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त आयुष्य तिथं गेलं. पण आजही कुणी विचारलं तर मी म्हणतो, मी आटपाडीचा. आणि आटपाडीत आलो की लोक म्हणतात, मद्रासवाला आला. कोईमतूर मद्रास नव्हे, हे सांगायचं मी आता सोडून दिलंय.

आमच्याकडच्या वाचकाला गलाई समजवायची गरज नाही. बाहेरच्यासाठी थोडक्यात सांगतो. आटपाडी, खानापूर-विटा, तासगाव, कवठेमहांकाळ हा सगळा दुष्काळी पट्टा. रानात कुसळं. म्हणून इथला माणूस सोनं-चांदी गाळायला देशभर पांगला. केरळात जा, बंगालात जा, सराफ बाजाराच्या मागल्या बोळात आपल्या बोलीतली शिवी ऐकू येईल. सोनाराकडून मोडीचं सोनं येतं. त्यात चांदी मिसळून वितळवायचं, पातळ करायचं, नायट्रिक अ‍ॅसिडात टाकायचं. चांदी-तांबं विरघळून जातं आणि सोनं तळाला मातकट भुकटी होऊन बसतं. ती धुवायची, मुशीत घालायची, भट्टीला लावायची. निघालं सोनं. मागं उरलेल्या अ‍ॅसिडात तांब्याचा तुकडा टाकला की चांदीपण परत खाली बसते. या धंद्यात गुंजभर काही वाया जात नाही. वाया जातो तो तांबूस धूर छातीत घेणारा माणूस.

माझ्या पाहण्यातले मालक बहुतेक जमीनवाल्या जातींचे. जमिनीत पिकलं नाही तरी जमीन तारण ठेवता येते, आणि तारण ठेवलं की परमुलखात दुकान टाकता येतं. आमच्या बापाकडं तारण ठेवायला काय होतं? कडबा? म्हणून आमच्यातला जो गेला तो भट्टीपाशी गेला. गल्ल्यावर नाही.

पहिले तीन महिने माझे बरे गेले. बरे म्हणजे कसे? भाषा कळत नव्हती. भात बघून पोटात गोळा यायचा. भाकरीसाठी रडलोय मी, खोटं कशाला बोलू. पण एक गंमत होती. चहावाला सगळ्यांना देतो त्याच पेल्यात मला चहा द्यायचा. बसमध्ये शेजारी बसलेला माणूस सरकून बसायचा नाही. त्यांच्या लेखी आम्ही दुकानातले पाचही जण एकच. मराठी. मला वाटलं, च्यायला, सुटलो की. हजार कोसांवर येऊन माणूस झालो. भाकरी नसली तर नसू दे.

मग आईचं पत्र आलं. आंतरदेशीय. आईला लिहिता येत नाही. शेजारच्या पोरानं लिहिलेलं. मागं पत्ता सिद्धार्थनगरचा आणि आत पहिलाच शब्द 'जयभीम'. पत्र माझ्या हातात पडायच्या आधी खोलीतल्या दुसऱ्याच्या हातात पडलं. तो आमच्याच तालुक्यातला. संध्याकाळी त्यानं विचारलं, "तू त्यातला हाईस व्हय? बोलला न्हाईस." दुसऱ्या दिवशी माझं ताट वेगळं झालं. मी स्वयंपाकाला हात लावायचा नाही, खरकटी भांडी तेवढी घासायची, असं ठरलं. कुणी ओरडलं नाही, मारलं नाही. सगळं कसं शिस्तीत. आणि खाली रस्त्यावरचा तमिळ चहावाला तसाच त्याच पेल्यात चहा देत होता.

म्हणून सांगतो दोस्तहो, परक्या मुलखात माझी जात मला पहिल्यांदा विचारली ती माझ्या मातृभाषेत. भाषेच्या अभिमानाची भाषणं ऐकली की मला ते ताट आठवतं.

तमिळ माणूस देवमाणूस असंही समजू नका. पेरियारांचा मुलूख खरा. पण त्याच मुलखात खेड्यापाड्यांच्या चहाच्या टपऱ्यांवर दलितांसाठी वेगळ्या पेल्याची पद्धत होती, आणि ती मोडायला तिथल्या पोरांना लढावं लागलं. माझ्याबाबतीत चहावाल्याला ठाऊक नव्हतं, एवढंच. लग्न झाल्यावर खोली शोधायला लागलो तेव्हा ते कळलं. सात घरं पाहिली. घरमालक आधी विचारतो, मटण खाता का? मग विचारतो, "नीन्ग एन्न आळुन्ग?" म्हणजे तुम्ही कुठली माणसं? मी म्हणायचो, मराठी. तो हसायचा. मराठीत कुठली? आपल्याकडं 'आडनाव काय' विचारतात, तिथं 'माणसं कुठली' विचारतात. प्रश्नाचा मुक्काम एकच. सातव्या घराला मी खोटं बोललो. बायको त्या रात्री माझ्याशी बोलली नाही. बाबासाहेबांचा फोटो दोन वर्षं पेटीत ठेवला, लुगड्यांच्या घडीत. ही माझी लाज आहे. ती इथं छापून यावी म्हणूनच लिहितोय.

बारीकसारीक कटकटी किती सांगू? गॅसची नळी मिळवायची तर पत्ता लागतो. पत्ता बदलावा तर गावाकडलं नाव कटतं. गावाकडलं नाव कटलं तर भावकी म्हणते, आता घराच्या उताऱ्यावर तुझं काय काम? दवाखान्यात डॉक्टर विचारतो खोकला कधीपासून. मला 'कफ' म्हणता येतं, 'ठसका' कसा सांगू? मतदान आलं की मालकासाठी गावाकडून गाडी येते. आमच्यासाठी फोन येतो, तोही आदल्या रात्री.

आणि पोलीस. गलाईच्या धंद्यात ही टांगती तलवार कायमची. कुठंतरी चोरी होते, चोर सांगतो की सोनं अमक्या बोळात विकलं. मग परराज्यातले पोलीस दुकानात येऊन उभे. मूस वितळून गेलेली, तिच्यात कुणाचं मंगळसूत्र होतं ते मुशीला काय ठाऊक? एकदा आमच्याकडं आले. मालक म्हणाला, "तू जा यांच्यासंगट, मी वकील घिऊन आलोच." तो चौथ्या दिवशी आला. दुकान मालकाचं आणि लॉकअप कामगाराचं. माझ्यावर गुन्हा काही लागला नाही. पण त्या चार दिवसांत मला विचारलेला पहिला प्रश्न सोन्याचा नव्हता. तो तुम्ही ओळखला असेल.

कायदे नाहीत का? आहेत की. १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. परराज्यातले पाच किंवा जास्त कामगार असतील तिथं तो लागू व्हायचा. आमच्या भट्टीवर चार. २०२० साली नवी संहिता केली. तिच्यात पाचाचे दहा केले. आमच्या भट्टीवर अजून चारच. सरकारची नजर दहावर गेली, आम्ही आणखी पाच माणसांनी मागं पडलो.

माझा मावसभाऊ आखातात आहे. तो दहावी नापास. दहावी नापास माणसाच्या पासपोर्टला वेगळी अट असते. १९८३ च्या कायद्याखाली ठरावीक देशांत कामाला जायचं तर सरकारची आधी परवानगी. फसवणुकीपासून राखण करायला म्हणे. ठीक आहे. पण २०१८ च्या जानेवारीत दिल्लीवाल्यांनी जाहीर केलं, की अशा लोकांचा पासपोर्ट नारिंगी रंगाचा करू, बाकीच्यांचा निळा. म्हणजे विमानतळावर लांबूनच कळावं, कोण शिकलेला आणि कोण अडाणी. पेशवाईत मनगटाला काळा दोरा बांधायला लावायचे, गळ्यात गाडगं आणि कंबरेला खराटा. तोही लांबूनच कळावं म्हणून. गलका झाला, आणि त्याच महिन्यात सरकारनं तो बेत मागं घेतला. घेतला हे चांगलं. पण ज्याच्या डोक्यात हा रंग आला त्याचं डोकं कोणत्या शाळेत घडलं, हे आपण विचारायचं की नाही?

बाबासाहेबांनी परदेशी माणसाला अस्पृश्यता कळावी म्हणून आपल्या काही आठवणी इंग्रजीत लिहिल्या. त्या १९९० साली पुस्तिका होऊन आल्या. नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. व्हिसाची वाट बघताना. नावावरून वाटेल, लंडन-न्यूयॉर्कच्या हालअपेष्टा असतील. नाहीत. त्यातली पहिली आठवण आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली आहे. १९०१ साली साताऱ्याहून पोरं वडिलांना भेटायला खटाव तालुक्यात निघाली, मसूर स्टेशनावर उतरली. नवे कपडे, टोप्या. स्टेशनमास्तर गोड बोलला. मग विचारलं कोण तुम्ही. पोरानं खरं सांगितलं आणि मास्तर आपल्या खोलीत निघून गेला. बैलगाडी मिळेना. दुप्पट भाडं देऊन, स्वतः गाडी हाकून गेली पोरं, रात्रभर पाण्याविना. मसूर ते आटपाडी काही लांब नाही. दुसरी आठवण बडोद्याची. कोलंबियात शिकून आलेला माणूस, अंगावर सूट, आणि खोली कुणी देईना. पारशांच्या धर्मशाळेत नाव बदलून राहिला, तर काठ्या घेऊन लोक आले आणि बाहेर काढला.

आता मला सांगा, हा माणूस परदेशात परका होता की देशात? न्यूयॉर्कमध्ये त्याला खोली मिळाली, ग्रंथालय मिळालं. व्हिसा लागला तो मसूरला. व्हिसा लागला तो बडोद्याला. माझ्या सातव्या घराची गोष्ट मी नव्यानं घडवलेली नाही. ती शंभर वर्षं जुनी आहे. फक्त बाबासाहेबांनी नाव बदललं ते लिहून जगाला सांगितलं, आणि आम्ही बदलतो ते लपवून ठेवतो.

आता मूळ दुखण्यावर येतो.

माझा पोरगा कोईमतूरलाच जन्मला. तमिळ माध्यमात शिकला. माझ्यापेक्षा चांगली तमिळ बोलतो आणि आईशी मराठी. बारावीला मार्क चांगले पडले. कॉलेजच्या अर्जात जातीचा रकाना होता. दाखल्यासाठी कचेरीत गेलो. तिथला माणूस सभ्य होता. म्हणाला, तुम्ही महाराष्ट्राचे, इथं तुमची जात चालत नाही. गावाकडं गेलो. आमचे १० ऑगस्ट १९५० च्या आधीचे पुरावे काढले. आज्याच्या शाळेच्या नोंदीवर औंध संस्थान लिहिलेलं. कारण १९४८ पर्यंत आटपाडी औंधात होती. मग आम्ही दक्षिण सातारा झालो आणि १९६० पासून सांगली. आज्या त्याच वाड्यात मेला. तीन मुलुख त्याच्या अंगावरून गेले, जात जागची हलली नाही. दाखला मिळाला. घेऊन परत कोईमतूरला आलो. माणूस म्हणाला, हा महाराष्ट्राचा. केंद्राच्या नोकरीला चालेल, इथल्या कॉलेजच्या राखीव जागेला नाही. मग गावाकडच्या कचेरीत विचारलं, तिकडंच घालतो पोराला. तर म्हणाले, पोरगा इथला रहिवासी कुठाय?

हा त्या कारकुनांचा दोष नाही. घटनेच्या ३४१ व्या कलमाखाली अनुसूचित जातींच्या याद्या राज्यवार आहेत. सुप्रीम कोर्टानं १९९० साली सांगितलं, की एका राज्यातून दुसऱ्यात गेलेल्याला नव्या राज्यात ती सवलत नाही. दोन्ही याद्यांत जातीचं नाव सारखं असलं तरी नाही. आणि तो खटला कुठला? आंध्रातून मुंबईत आलेल्या आदिवासी घरातल्या मुलाचा. डॉक्टरीच्या प्रवेशाचा. म्हणजे माझ्या पोराला जे तिथं नाकारलं, ते आपल्या मुंबईनं त्याच्या पोराला आधी नाकारलेलं. २०१८ साली पाच न्यायाधीशांनी राज्याच्या नोकऱ्यांबाबत तेच कायम केलं.

कोर्टाचं म्हणणं असं, की प्रत्येक राज्यात जातीची परिस्थिती वेगळी, एकीकडं मागास तो दुसरीकडं नसेल. ऐकायला बरं वाटतं. पण मी परिस्थिती गावात ठेवून आलोय का? माझा बाप भूमिहीन. मी भट्टीवर. खोलीत ताट वेगळं. घर सातव्या ठिकाणी, तेही खोट्या नावानं. हे मागासलेपण हद्दीवरच्या नाक्यावर उतरवून घेतात काय? दाखला हद्दीवर थांबतो. जात थांबत नाही. तिला आरक्षणाचं तिकीट लागत नाही, बिनतिकिटाची येते.

२०२३ साली मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठानं एक चांगली गोष्ट केली. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षण दलित माणसाला तो ज्या राज्यातला नाही तिथंही मिळालं पाहिजे, असं म्हटलं. म्हणजे मार खाताना माझी जात देशभर खरी आहे, हे एका कोर्टानं तरी मान्य केलं. मग शिकताना ती खोटी कशी?

जगात काय चाललंय तेही बघा. १९१६ साली कोलंबियात बाबासाहेबांनी जातीवर निबंध वाचला. त्यात केतकरांचा दाखला देऊन म्हटलं होतं, की हिंदू माणूस जगात पांगला तर जात जगाचा प्रश्न होईल. झाला. २०२३ च्या फेब्रुवारीत सिअ‍ॅटल शहरानं जातिभेदाला बंदी केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात तसा कायदा विधिमंडळात मंजूर झाला आणि ऑक्टोबरात गव्हर्नरनं तो रोखला. म्हणजे कढीपत्ता पोचायच्या आधी जात पोचली होती. तिथल्या दलित पोरांनाही आडनाव विचारणारा गोरा नव्हे, आपलाच आहे. दिवाळी अंकातल्या लेखात हे कधी येत नाही.

आता दुसरी बाजू. ती मला माझ्या दोस्तानं ऐकवली. तो अरुंधतियार, तिथल्या दलितांतही खालचा मानलेला. आमची ओळख फोटोनं झाली. तो आमच्या खोलीवर आला असताना पेटी उघडी होती, त्यानं बाबासाहेब ओळखले. मला तमिळ धड येत नव्हती, त्याला मराठी नाही. तो म्हणाला 'जय भीम'. पुढं २०२१ साली त्या नावाचा तमिळ सिनेमा आला आणि शब्द घरोघर गेला. पण आमचं त्याच्या फार आधी जमलं होतं. फोटो पेटीतून भिंतीवर आला तो त्याच्यामुळं. तर त्याला मी पोराचं रडगाणं सांगितलं. तो गप्प ऐकत होता. मग म्हणाला, "तुझ्या पोराला इथं जागा दिली तर ती कुणाची? माझ्या पोराची."

मला उत्तर सुचलं नाही. तो बरोबर होता. मुंबईत येणाऱ्या बाहेरच्या दलिताबद्दल आपण काय बोलतो, आठवा. भाकरीचा एकच तुकडा आणि दोन उपाशी समोरासमोर. तुकडा एवढाच का, हे विचारायचं सोडून आम्ही एकमेकांच्या ताटाकडं बघायचं, अशीच ही मांडणी आहे.

म्हणून विचार करून माझं मत सांगतो. स्थानिक दलिताच्या राखीव जागेतली एकही जागा मला नको. पण जो पोरगा त्या राज्यात जन्मला, तिथल्याच शाळेत शिकला, त्याच्यासाठी कॉलेजात वरच्या जागा वाढवा. त्याची शिष्यवृत्ती आणि वसतिगृह कुठल्या राज्याच्या खिशातून येतं, हे दोन सरकारांनी आपसात ठरवावं. पोराला चेंडू करू नये. अत्याचाराचा कायदा प्रत्येक राज्यात, कुठलाही दाखला घेऊन आलेल्याला लागू आहे, असं संसदेनं स्वच्छ लिहावं. आणि कामगार कायद्यातली ती दहाची अट काढावी. चौघांच्या भट्टीतला धूरही धूरच असतो.

हे सरकारसाठी झालं. आपल्यासाठी एक. आटपाडीच्या शेजारी स्वतंत्रपूर आहे. १९३९ साली औंधच्या राजानं तिथं खुनी कैद्यांना भिंतीशिवाय ठेवून बघितलं. पुढं त्यावर सिनेमा निघाला, जगानं कौतुक केलं. खुन्यावर विश्वास टाकायचा प्रयोग आमच्या शिवारात झाला. आमच्या वस्तीभोवतीची न दिसणारी भिंत मात्र तशीच राहिली, आणि आता आम्ही तीच परमुलखात स्वतःभोवती बांधतोय. नाव बदलून, फोटो लपवून. गलाईतल्या पोरांनो, आखातातल्या पोरांनो, हे बंद करा. जिथं असाल तिथं तिथला आपला माणूस शोधा. भाषा नंतर येते. मला तरी माझं खरं नाव सांगायला लावलं ते आपल्या गाववाल्यानं नाही, एका अरुंधतियारानं.

परवा आईचा फोन होता. "घर सोडा म्हणला व्हय रं मालक? त्याला कळलं व्हय?" मी म्हणालो, मीच सांगितलं. भिंतीवर फोटो लागला की कळणारच. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बरं केलंस. आता आठवं बघ."

बघतोय. पोराचा अर्ज अजून कचेरीत पडून आहे.

जयभीम.